पिकअप बसवण्याचा शास्त्रोक्त विधी (खासबाग पद्धत)

खासबाग म्हटलं की उभ्या महाराष्ट्राला कोल्हापूरचं कुस्तीचं मैदान आठवतं, शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेलं. हे लेखन त्या खासबागेविषयी नाही. ही आमची बेळगावची खासबाग. शहापूर आणि वडगाव यांच्या शेजारची, विणकरांची, दिवसभर मागांच्या खटखटाटात बोलणारी आणि रविवारी बाजार भरला की स्वतःचाच रस्ता हरवून बसणारी. कुस्ती मात्र इथंही होते. स्वस्तातली इलेक्ट्रिक गिटार आणि तिचा पिकअप यांची. ही कुस्ती निकाली कशी करावी याचं मार्गदर्शन कोणत्याही भाषेत नीट उपलब्ध नसल्यामुळे प्रस्तुत लेखकानं ते काम शिरावर घेतलं आहे.

लेखकाचा अधिकार काय, हे आधी सांगणं रीतीला धरून होईल. लेखकाला गिटार वाजवता येत नाही. त्याच्या भाच्याला थोडीफार येते, पण त्याला स्क्रूड्रायव्हर धरता येत नाही. अशा प्रकारे घरात विद्येची वाटणी झालेली आहे. गिटार भाच्यानं कॉलेजातल्या एकाकडून तिसऱ्या हातानं घेतली. डोक्यावरचं कंपनीचं नाव कुणीतरी नखानं खरवडून काढलं होतं, त्यामुळे तक्रार कुणाकडं करायची हा प्रश्नच मिटला.

आता रोगलक्षणं. बारीक तारा कानात ओरडतात आणि जाड तारा शेजारच्या घरात वाजल्यासारख्या येतात. वाकून पाहिलं तर पिकअप एका बाजूनं खड्ड्यात गेलेला दिसतो, बैलगाडीचं एक चाक चिखलात रुतावं तसा. हाच तो विकार. गिटारवाले याला काहीही म्हणोत, आमच्या गल्लीत त्याचं नाव ‘बसंना झालंय’ असं आहे.

पिकअप म्हणजे काय, हे घरातल्यांना समजावून सांगणं हा विधीचा पहिला भाग, कारण त्याशिवाय जेवणाचं टेबल मोकळं करून मिळत नाही. मी सांगितलं, की सहा छोटे लोहचुंबक असतात, त्यांच्याभोवती केसाहून बारीक, सुमारे ०.०६ मिलीमीटर जाडीची तांब्याची तार हजारो वेढे देऊन गुंडाळलेली असते. वरून पोलादी तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि तांब्याच्या तारेत वीज उमटते. तीच पुढं अँप्लिफायरमध्ये जाऊन मोठी होते. आईनं अर्ध्यातच हात वर केला. “म्हणजे कांडीच की!” जिनं उमेदीची वर्षं धोट्यात घालायच्या कांड्या भरण्यात काढली, तिला फेंडर-गिब्सन या गिटार कंपन्यांनी आणखी काय शिकवावं? टेबल मिळालं.

निदानासाठी तज्ज्ञ बोलवावेत. बोलवावे लागत नाहीत, गिटारचं पोट उघडं दिसलं की येतात. मोटार वाइंडिंगवाल्यांनी लांबूनच कॉईल जळाल्याचं सांगितलं. ते कशाकडंही बघून हेच सांगतात. मल्टिमीटर लावला तर आकडा सहा किलोओहमच्या जवळ आला, म्हणजे कॉईल ठणठणीत. अशा पिकअपचा आकडा साधारण पाच ते पंधराच्या दरम्यान पडतो; काहीच आला नाही तर मात्र तार तुटली समजावं. वाइंडिंगवाले नाराज होऊन चहा न घेता गेले. मीटर नसेल तर आणखी एक परीक्षा आहे: गिटार अँप्लिफायरला जोडून, आवाज अगदी बारीक ठेवून पिकअपच्या खिळ्यांवर स्क्रूड्रायव्हरचं टोक हलकेच टेकवावं. ‘टक्’ असा आवाज आला तर पेशंट जिवंत आहे.

खरं निदान केलं मागांच्या जॉबरनं. बिघडलेला माग नुसत्या कानानं ओळखणारा हा माणूस. त्यानं गिटार उलटी करून हलवली, आतला खडखडाट ऐकला आणि म्हणाला, “आटे गेलेत. कुणीतरी जोर लावलाय हितं.”

जोर आम्हीच लावला होता.

याची हकिकत अशी की पिकअप हा लाकडात बसवलेला नसतो, तो वरच्या प्लॅस्टिकच्या पट्टीला दोन स्क्रूंवर टांगलेला असतो. स्क्रू पट्टीतून, मग एका स्प्रिंगमधून जाऊन पिकअपच्या कानातल्या आट्यांत शिरतो. स्क्रू वर ओढतो, स्प्रिंग खाली ढकलते, आणि या दोघांच्या कायमच्या भांडणात पिकअप मधल्या मध्ये स्थिर राहतो. एकानं माघार घेतली की तो पडतो. आमचा मूळ स्क्रू हरवला म्हणून भाच्यानं डब्यातला दुसरा घेतला. तो इंची मापाचा होता आणि कानातले आटे मिलीमीटरचे. पहिली दीड फेरी गोड गेली. मग जड गेला. तिथं थांबायचं असतं, हे ज्ञान मी इथं फुकट देतो आहे. आम्ही ते आटे देऊन विकत घेतलं.

विधीला आरंभ. तारा एकेक करून पूर्ण सैल न करता सगळ्या थोड्या थोड्या उतरवत न्याव्यात, नाहीतर मानेवरचा ताण एकाएकी सुटतो. मग पट्टी उघडावी. या घाटाच्या गिटारीला पट्टीवर अकरा स्क्रू असतात. ते मोजून स्टीलच्या वाटीत ठेवावेत. पिकअपपासून वाटी हातभर लांब ठेवावी, कारण आम्ही शेजारी ठेवली आणि चार स्क्रू चालत जाऊन चुंबकाला चिकटले. उद्यमबागेतल्या वर्कशॉपमधून आलेल्या पाहुण्यांना तर टेबलाजवळ उभंही करू नये. त्यांच्या शर्टाच्या खिशात लोखंडाचा बारीक कीस असतोच, आणि तो एकदा चुंबकावर गेला की निघत नाही. (निघतो. चिकटपट्टी दाबून उचलावी. पण पाहुण्यांना सांगू नये.) वायरी कुठं जोडल्यात त्याचा मोबाइलवर फोटो काढावा. काढला आहे असं समजू नये, खरोखर काढावा.

आट्यांवरचा इलाज जॉबरनं सुचवला तो असा: मेलेले आटे जिवंत करण्याच्या भानगडीत पडू नये. योग्य मापाचा छोटा नट घ्यावा, स्क्रू कानातून घालून खालून तो नट त्याला बसवावा, नटाभोवती अॅराल्डाइटचा ठिपका द्यावा आणि रात्रभर हात लावू नये. ठिपका म्हणजे ठिपका. शेजारचे एक काका घरगुती आत्मीयतेनं एम-सीलचा अख्खा गोळा घेऊन आले होते आणि पिकअप गळतो आहे असं समजून सगळीकडून लिंपायला निघाले होते. त्यांना बाजाराच्या पिशव्या उचलायला लावून वाचवला. लाकडातल्या स्क्रूचं भोक मोठं झालं असेल तर गोष्ट वेगळी: तिथं आगपेटीच्या दोन काड्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून ठोकाव्यात, वाळल्यावर तासाव्यात, नवा स्क्रू पकडतो. खासबागेतल्या निम्म्या दारांच्या कड्या याच तत्त्वावर उभ्या आहेत.

स्प्रिंगचा प्रश्न याहून नाजूक. जुनी चपटी झाली होती. भाच्यानं बॉलपेनातली काढून लावली. ती एवढी लेचीपेची, की पिकअपला खाली ढकलायचं सोडून त्याच्याबरोबर डुलायला लागली आणि जाड तार छेडली की स्वतःच ‘किर्र’ गायची. मग आठवलं की जुन्या काळी पिकअपच्या स्क्रूवर स्प्रिंगऐवजी रबरी नळीचे तुकडेही घालत. रबर न गाता ढकलतं. एवढी बारीक रबरी नळी मिळते कुठं? सायकलच्या दुकानात. व्हॉल्व ट्यूब! आता असल्या व्हॉल्वच्या ट्यूबा फारशा येत नाहीत, पण बाजारातल्या म्हाताऱ्या सायकलवाल्याच्या पत्र्याच्या डब्यात वीतभर निघाली. “सायकल कंची?” त्यानं विचारलं. मी गिटार म्हणालो. त्यानं नळी पुन्हा डब्यात ठेवली, माझ्याकडं नीट पाहिलं, आणि मग पुन्हा काढून दिली. एका नळीवर दुसरी चढवून दुहेरी केली की ताकद पुरते.

इथपर्यंत पोचलेल्या वाचकाला वाटेल की पिकअप बसला. तो आता वर आला आहे, बसायचा आहे. कारण उंचीचा हिशेब राहिला. रीत अशी, की शेवटच्या पडद्यावर तार दाबायची आणि पिकअपचा खिळा व तार यांतलं अंतर मोजायचं. जाड तारेकडं सुमारे दोन मिलीमीटर, बारीक तारेकडं दीड, हा सुरुवात करायचा आकडा. पुढं कान सांगेल तसं. आमच्याकडं मापायचं हत्यार नव्हतं म्हणून एक रुपयाचं नाणं घेतलं, ते साधारण दीड मिलीमीटर भरतं. सरकवलं मात्र, ‘खट्’ करून पिकअपला चिकटलं. हल्लीचं नाणं चुंबकाला धरणाऱ्या पोलादाचं असतं. त्या चिकटलेल्या रुपयाला सोडवताना भाचा म्हणाला, या गिटारीत घातलेला पैसा परत येत नाही हे त्याला माहीत होतं, पण इतक्या शब्दशः येणार नाही असं वाटलं नव्हतं. जुन्या एटीएम कार्डाचे दोन तुकडे एकावर एक ठेवून काम भागलं.

फार वर आणूनही चालत नाही. चुंबक तारेलाच ओढायला लागतो आणि वरच्या पडद्यांवर एकाच तारेतून दोन भांडणारे सूर निघतात. १९५४ साली आलेल्या स्ट्रॅटोकास्टर गिटारवरून तिकडं या व्याधीला ‘स्ट्रॅटायटिस’ म्हणतात. हे नाव ऐकून गल्लीतल्या कंपाउंडरनं पाच दिवसांच्या गोळ्या सांगितल्या.

केसाएवढ्या फरकाला हसू नये. इथून रेल्वेनं मिरज गाठावी आणि सतारमेकरांच्या गल्लीत कुणी जवारी काढत असेल तर बघत बसावं. घोडीवर कानस एकदा फिरली की सूर उघडतो, दोनदा फिरली की मरतो. तानपुऱ्याच्या तारेखाली तर सुताचा साधा दोरा असतो, तो इकडचा तिकडं झाला तरी गायक डोळे उघडतो. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. व्हॉल्व ट्यूबवर उभ्या असलेल्या आमच्या पिकअपचा अर्ज अजून गेलेला नाही. पण ज्या बेळगाव तालुक्यात, सुळेभावीला, १९२४ साली कुमार गंधर्व जन्मले, तिथं आपल्या हातून बेसूर गोष्ट घडू नये एवढी लाज आम्हाला होती.

आता भनभन. अँप्लिफायर लावला की एक संथ हुंकार ऐकू यायचा. हा भुताचा नसून आपल्या विजेचा आहे. पन्नास हर्ट्झ. पेटीच्या भाषेत सांगायचं तर खर्जातली पांढरी पाच, जराशी चढी. एकाच कॉईलचा पिकअप तारेबरोबर आसपासच्या वायरी आणि मोटारीही इमानेइतबारे ऐकतो, आणि खासबागेत मोटारींना तोटा नाही. यावर सेथ लव्हर नावाच्या गिब्सनच्या माणसानं १९५५ साली पेटंटचा अर्ज केला. दोन कॉईली शेजारी ठेवायच्या, एकीचे वेढे आणि चुंबक दोन्ही दुसरीच्या उलट. तारेचा आवाज दोघींतून जुळून येतो आणि बाहेरची भनभन एकमेकींना कापून संपते. त्याला १९५९ मध्ये पेटंट मिळालंही. जवळपास त्याच काळात, १ नोव्हेंबर १९५६ ला, राज्यांच्या पुनर्रचनेत आमच्याकडंही उलट्या वेढ्यांच्या दोन कॉईली शेजारी बसवल्या गेल्या. आमची भनभन थांबली नाही. तो सीमावादाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे.

भाच्याला दोन कॉईलचा पिकअप घ्यायचा मोह झाला, पण त्या पिकअपचे पाय या गिटारच्या खड्ड्यापेक्षा लांब. खड्डा खोदायला छिन्नी हातात घेतलेल्या माणसाकडून गिटार काढून घ्यावी, हा या विधीतला एकमेव कडक नियम आहे.

शेवटी एक अडचण उरली, जी कुठल्याच स्क्रूनं सुटेना. बारीक तार पिकअपच्या सहाव्या खिळ्यावरून जायच्या ऐवजी पलीकडून, बांधावरून जावं तशी जात होती. पिकअप बाजूला सरकत नाही, त्याची जागा पट्टीनं ठरवलेली. दोन तास आम्ही त्याला दोष दिला. शेवटी कापडाचा गठ्ठा सोडायला आलेला कानडी टेम्पोवाला दारात उभा राहून बघत होता, तो म्हणाला, “स्वल्प अड्जस्ट माडी.” आणि गिटारची मान धरून बाजूला ढकलल्यासारखं करून दाखवलं. आम्ही हसलो. मग हसू थांबलं. स्वस्तातल्या गिटारीची मान मागून चार स्क्रूंनी जोडलेली असते. तारा थोड्या सैल केल्या, चारही स्क्रू पाव-पाव फेरी उलटे फिरवले, मान केसभर ओढली, पुन्हा आवळले. सहाही तारा खिळ्यांवर आल्या. पिकअप जिथं होता तिथंच होता.

राहिली चाचणी. हिच्यासाठी शांतता लागते, आणि खासबागेत ती मिळण्याचा सर्वांत खात्रीचा मुहूर्त म्हणजे लाईट जाणं. लाईट गेली की माग थांबतात. पण मग अँप्लिफायरही थांबतो. संध्याकाळी सहाला लाईट गेली, गल्ली एकदम गप्प झाली, समोरच्या घरातला कुकर ऐकू आला. भाच्यानं तशीच, बिनविजेची गिटार छेडली. अगदी बारीक वाजली, डब्यात ठेवलेल्या चिमणीसारखी. आई म्हणाली, “चांगली वाजायली की. एवढं कशाला उघडलंत?”

साडेसहाला लाईट आली. अँप्लिफायरचा लाल दिवा लागला. भाच्यानं आवाज पूर्ण चढवला, एक पाय पुढं टाकला आणि डोळे मिटले. त्याच क्षणी सगळ्या बाजूंनी माग सुरू झाले. त्यानं काहीतरी जोरदार वाजवलं असणार. त्याचे हात हलत होते.