जुन्या जीपला टायर घेताना : बंगळुरूतल्या नवशिक्यांसाठी

जुनी जीप दारात आली की आठवड्याच्या आत टायर बदलण्याची ऊर्मी येते. गाडी एमएम ५४० असो, सीजे-३बी असो की मारुती जिप्सी, लक्षणं सारखीच. ही ऊर्मी अंगावर काढू नये. पाकीट घ्यावं आणि जे. सी. रोड गाठावा.

निघण्यापूर्वी गाडी कुठे कुठे चालणार, ते एका कागदावर लिहा. प्रामाणिक माणूस लिहील : सिल्क बोर्ड, परतताना सिल्क बोर्ड, आणि पावसाळ्यात जमलं तर मडिकेरीजवळचं मांदलपट्टी. आता हा कागद फाडून टाका. टायर मांदलपट्टीसाठीच घ्यायचा असतो.

मग आकडे वाचायला शिका. जुन्या जीपच्या टायरवर ६.००-१६ असं असतं : रुंदी सहा इंच, रिम सोळा इंच, आत ट्यूब. मधल्या आडव्या रेघेचा अर्थ हा टायर रेडियल नाही, जुन्या आडव्या-तिरप्या धाग्यांचा आहे. नव्या टायरवर २३५/७५ आर १५ दिसेल. इथे रुंदी मिलिमीटरमध्ये, उंची त्या रुंदीच्या टक्क्यांत आणि रिम मात्र इंचात. ही पद्धत ठरवणाऱ्याच्या घरी दूध लिटरने, दही शेराने आणि तूप औंसाने येत असावं. दोन्ही टायरांची उंची जवळपास एकोणतीस इंच भरते, म्हणून ही अदलाबदल लोकप्रिय आहे. पंधराचा टायर सोळाच्या रिमवर चढत नाही, हे दुकानात पैसे मोजण्यापूर्वी आठवलेलं बरं.

नक्षीचे प्रकार तीन : रस्त्याचा, सर्व प्रकारच्या जमिनीचा आणि चिखलाचा. नवशिक्याने अर्थातच तिसरा घ्यावा. त्याचे मोठाले ठोकळे फोटोत उठून दिसतात. ओल्या डांबरावर मात्र त्यांची पकड कमी, म्हणजे ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर घेते, आणि वेग वाढला की असा घूं घूं आवाज येतो की शेजारी बसलेली बायको काय म्हणाली ते ऐकू येत नाही. काही जण हा आवाज गुणांच्या रकान्यात धरतात.

त्यातही ३१ इंची घेतला, तर मौज वाढते. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते आणि हे स्पीडोमीटरला कोणी सांगितलेलं नसतं. काटा ५५ दाखवतो तेव्हा तुम्ही ६० च्या जवळ असता. ५४० च्या प्यूजो डिझेल इंजिनाला ते वजन फिरवताना धाप लागते, आणि पॉवर स्टिअरिंग नसेल तर इंदिरानगरात गाडी लावताना तुम्हालाही. पूर्ण वळणावर टायर पाट्यांच्या स्प्रिंगला घासेल. विचाराल तर फिटर म्हणेल, ‘स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी, सार्.’ करावं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मात्र अ‍ॅडजस्ट करत नाही. कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल चालणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये बजावलं आहे. एमएच नंबर घेऊन इथे स्थायिक झालेल्या मंडळींनी तर पोलिसाचं लक्ष वेधणारं काही करूच नये. कर्नाटकच्या रोड टॅक्सचा विषय आपोआप निघतो.

माझं मत विचाराल तर (विचारत नाही कुणी) त्या जीपला तिचा बारीक टायरच शोभतो. दुसऱ्या महायुद्धातली विलीज याच ६.००-१६ वर चालली. तिच्या टायरची नक्षी दोन्ही दिशांना सारखी होती, पुढे जाताना जेवढी पकड तेवढीच मागे येताना. बारीक टायर वरचा राडा कापून खालच्या घट्ट जमिनीला भिडतो. रुंद टायर राड्यावर तरंगत बसतो. वाळूत उलटं होतं, पण बंगळुरूला समुद्र नाही. आणि चिखलात खरी करामत हवेची असते : दाब १८ पीएसआयच्या आसपास उतरवा, टायर जमिनीवर पसरतो आणि पकड वाढते. हा उपाय फुकट असल्याने त्यावर कोणाचा विश्वास बसत नाही. डांबरावर परतल्यावर हवा पुन्हा भरायची असते, म्हणून पंप सोबत ठेवा.

खरेदी करताना कुशीवरचे शेवटचे चार आकडे बघा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कोरी असली तरी रबर म्हातारं होतं, भेगा पडतात. पाचही टायर एकाच मापाचे घ्या, स्टेपनी धरून. चाकं लहानमोठी असताना फोर-व्हील टाकला तर गिअर एकमेकांशी भांडतात.

शेवटची सूचना. नुसतं ‘६.००-१६’ म्हणालात तर दुकानदार एखादा स्वस्त, तीन उभ्या धारांचा टायर काढून देईल. माप बरोबर, भाव निम्मा. तो ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचा आहे. त्यावर ए८ लिहिलेलं असेल, म्हणजे वेगाची मर्यादा ताशी ४०. तुम्ही कुरकुर कराल, तर अण्णा सांगतील की सप्टेंबर २०२२ मध्ये आउटर रिंग रोडचा परिसर पाण्यात गेला तेव्हा आयटीवाले ट्रॅक्टरवर बसूनच ऑफिसला गेले होते. आणि सार्, तुमची गाडी या शहरात ४० च्या वर जाणार तरी कुठे? यावर गप्प न राहता नाइस रोडचं नाव घ्या.