फोर्ट विल्किन्सच्या पहिल्या शत्रूस

प्रति,
शेजारच्या साइटवरच्या आरव्हीचे मालक,
मु. फोर्ट विल्किन्स, कॉपर हार्बर, मिशिगन



सर्वप्रथम आपले अभिनंदन. हा किल्ला 1844 साली उभा राहिला तेव्हापासून एखाद्या धड शत्रूची वाट पाहत होता. कीविनॉ द्वीपकल्पात तांबं आहे अशी बोंब झाली आणि खाणवाल्यांची झुंबड उडाली. किल्ल्याआधी दोनच वर्षं, 1842 च्या ला पॉइंट करारानं, इथली जमीन ओजिब्वे लोकांकडून लिहून घेतली होती. ते चिडतील, खाणवाले आपसात मारामाऱ्या करतील, या धास्तीनं सरकारनं पायदळाच्या दोन तुकड्या या टोकाला आणून बसवल्या आणि ठाण्याला तेव्हाचे युद्धमंत्री विल्यम विल्किन्स यांचं नाव दिलं. पण ओजिब्वे चालून आले नाहीत आणि खाणवालेही गुमान खणत राहिले. सैनिकांनी बर्फ उपसलं, लाकडं फोडली, जांभया दिल्या आणि 1846 मध्ये मेक्सिकोच्या लढाईवर निघून गेले. राखणीला उरला एक सार्जंट. पुढे 1867 ते 1870 पुन्हा शिबंदी ठेवून पाहिली, तेव्हाही कोणी फिरकलं नाही. 1923 साली सरकारनं नाद सोडला आणि किल्ल्याचं राज्य उद्यान करून टाकलं. आणि मग या ऑगस्टात, कॅम्पग्राउंडच्या तळ्याकाठच्या लूपमध्ये, आपली 32 फुटी आरव्ही दाखल झाली.

डेट्रॉइटहून इथवर सुमारे 600 मैल. मॅकिनॉ पूल ओलांडला की लोकांना वाटतं पोहोचलो, पण खरा रस्ता तिथून पुढे सुरू होतो. फ्लोरिडातल्या मायामीहून निघालेला यूएस 41 किल्ल्यापासून थोडं पुढे जाऊन झाडीत संपतो. इतक्या लांब माणूस कशासाठी येतो? मला आपलं वाटायचं, शांततेसाठी. आपण ती गैरसमजूत रात्री साडेदहा वाजता दूर केलीत.

मिशिगनच्या राज्य उद्यानांत रात्री 10 ते सकाळी 8 गडबड करायची नाही, असा नियम आहे. आपला जनरेटर बहुधा गडबडीत मोडत नसावा. आपल्या साइटवर विजेचा खांब होता, आपण वायरही जोडली होती, म्हणून मला आधी कोडंच पडलं. मग उलगडा झाला. 30 अँपिअरच्या जोडणीवर एकूण 3600 वॉट मिळतात. त्यावर एसी लावला, मायक्रोवेव्ह लावला, वर भाताचा कुकर लावला की ब्रेकर पडणारच. तो तीनदा पडला. प्रत्येक वेळी ‘अरे पुन्हा गेली!’ ही आरोळी ऐकू आली. यावर उपाय दोन: एसी बंद करणे किंवा जनरेटर लावणे. बाहेर स्वेटर घालून बसण्याइतका गारवा होता, लेक सुपीरिअर हाकेच्या अंतरावर आहे, तरी आपण दुसरा उपाय निवडलात. धाडस म्हणतात ते याला.

‘अरे पुन्हा गेली’ ऐकण्याआधीच आपण आपल्यातलेच आहात हे मी ओळखलं होतं, तेही सांडपाण्यावरून. आपल्या ग्रे टँकचा नळ उघडाच होता आणि भांडी घासलेलं पाणी पाइन वृक्षाच्या मुळाशी ओघळत होतं. मी टॉर्च मारला. फेसात मोहरी होती, हळद होती आणि वर कढीपत्त्याचं एक अख्खं पान. पासपोर्ट बघायची गरजच उरली नाही. टाक्या रिकाम्या करायला कॅम्पग्राउंडला डम्प स्टेशन आहे. ते आपल्याला येताना दिसलं असणार, कारण आपण त्यासमोर गाडी लावून फोटो काढलात. आधी संडासाचा ब्लॅक टँक रिकामा करायचा, मग ग्रे टँक, म्हणजे त्याच साबणपाण्यानं पाइप धुऊन निघतो. रांग धरून फार तर अर्धा तास लागतो. पण तेवढा वेळ कुठून आणायचा? आपल्याला मुलांना इतिहास शिकवायचा होता ना.

तो वर्ग सकाळी लाकडी कुंपणापाशी भरला आणि परेड ग्राउंडच्या पलीकडेही स्वच्छ ऐकू आला. ‘याला काय किल्ला म्हणतात? बुरूज नाही, माची नाही, ओंडक्यांच्या खोल्या! आपला रायगड बघा.’ रायगडाबद्दल मतभेद नाही. पण ज्या ओंडक्यांच्या भिंतीला आपण टेकून उभे होतात, ती दोनदा सोडून दिलेली आणि नंतर वर्षानुवर्षं खपून सांभाळलेली आहे. शिवाय रायगडाच्या गंगासागर तलावात कोणी खरकटं सोडलं असतं तर आपणच व्हॉट्सअ‍ॅपवर पेटून उठला असता. इथल्या तळ्याचं नाव फॅनी हू. किल्ल्यावरच्या एका अधिकाऱ्याची ही मेहुणी. ती तळ्यात बुडाली अशी दंतकथा रंगवून सांगतात; प्रत्यक्षात ती सुखरूप घरी परतली. तळं आधीच एका खोट्या आरोपाचं धनी आहे, त्यात आपल्या फोडणीची भर नको होती.

लाकडांचंही सांगून टाकतो. मोळी घरून आणल्याचं आपण समोरच्यांना कौतुकानं सांगत होतात: ‘इथे पैसे कोण देणार?’ एमराल्ड अ‍ॅश बोरर नावाचा हिरवा भुंगेरा 2002 साली डेट्रॉइटच्या आसपासच पहिल्यांदा ओळखला गेला. त्याच्या अळ्या अ‍ॅश झाडाची साल आतून पोखरतात. तो स्वतः उडून फार लांब जात नाही. लांबचा प्रवास जळणाच्या लाकडातून, आपल्यासारख्यांच्या गाडीतून करतो. कोट्यवधी अ‍ॅश झाडं त्यानं संपवली. आपण वाचवले असतील आठ-दहा डॉलर. हिशेबात आपण पक्के आहात, हे मान्य.

पुढच्या वर्षीचं आरक्षण सहा महिने आधी उघडतं. इथे ईस्ट आणि वेस्ट असे दोन लूप आहेत. आपण कोणता घेताय तेवढं कळवा, मी दुसरा घेईन.

आणि हो, आपल्या ग्रे टँकच्या पाइपाचं झाकण साइटवर राहिलं होतं. मी ते कॅम्पग्राउंडच्या ऑफिसात जमा केलं आहे, सोबत साइट नंबर आणि कढीपत्त्याचा फोटो दिला आहे. झाकण न्यायला स्वतःच यावं लागेल, असं रेंजर म्हणाले. त्यांनाही आपल्याशी थोडं बोलायचं आहे.

आपला,
शेजारच्या साइटवरचा (जागा)