शंभर रुपयांची फी आणि पाचशे पौंडांची खिडकी

"बाई, खरं का हो? मृत्युपत्र करताय म्हणे!" शेवग्याच्या शेंगा काढता काढता वहिनींनी कुंपणावरूनच विचारलं. पनवेलला वकिलांकडे जाताना मी ज्या रिक्षात बसले, तो रिक्षावाला वहिनींचा भाचा. आमच्या कोन गावात बातमीला एवढंच पुरतं.

"करतेय. त्यात लपवायचं काय?"

"इडापिडा टळो! तिन्हीसांजेचं असलं अभद्र बोलू नका."

"मृत्युपत्र केल्यानं माणूस मरत असता, तर वकिलांच्या घरी बारा महिने सुतक असतं."

वहिनी हसल्या, पण शेंगा ठेवून कुंपणाला टेकल्या. म्हणजे विषय पाच मिनिटांत संपणारा नव्हता. मग आळीतल्या भानगडी निघाल्या. विमानतळानं गुंठ्याचे भाव वर नेले आणि सख्ख्या भावांचं बोलणं खाली आणलं. सातबाऱ्यावर नावांची ही रांग, त्यातली निम्मी माणसं कधीच गेलेली. पलीकडे गिरणी कामगारांची घरं आहेत. 2016 साली 2,417 घरांची सोडत निघाली, पण चाव्या हातात पडेपर्यंत बरीच वर्षं गेली. तोवर कित्येक घरांतला मूळ कामगारच उरला नव्हता. मागे राहिलेल्यांनी वारसाचे कागद गोळा करत फिरायचं.

"आमचं तसं नाही हो. यांनी सगळीकडे नॉमिनी लावून ठेवलाय."

"नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, वहिनी. तो पैसे ताब्यात घेणारा. ते कुणाचे हे वारसा ठरवतो, नाहीतर मृत्युपत्र. तुमच्या भिंतीवर कालनिर्णय आहे ना, त्या जयंत साळगावकरांच्या घरातलं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. डिसेंबर 2023 मध्ये निकाल लागला, की शेअरला नॉमिनी लावला म्हणून तो मालक होत नाही. जन्मभर लोकांना मुहूर्त सांगणाऱ्याच्या घरी ही गत, मग तुमची-आमची काय कथा?"

वहिनी जरा गप्प झाल्या. पण खरी बातमी त्यांना अजून हवी होती. "आणि दानही लिहिलंय म्हणे. देवळाला का?"

"नाही, हॉस्पिसला."

"म्हणजे वृद्धाश्रम? आपल्या नेऱ्याच्या शांतिवनासारखं?"

"नव्हे हो. ज्याचा आजार आता बरा होणार नाही, त्याला दुखू नये म्हणून जिथे बघतात ते. आमच्या यांचे शेवटचे दिवस आठवतात ना?"

आठवत होते. कण्हणं त्यांच्या पडवीत ऐकू येत होतं, असं त्याच एकदा म्हणाल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलं, आता करण्यासारखं काही नाही, घरी न्या. आम्ही आणलं. करण्यासारखं पुष्कळ असतं हे मला नंतर कळलं. दुखायला लागल्यावर मॉर्फिन शोधत धावायचं नसतं, ते घड्याळ लावून द्यायचं असतं. कूस कशी बदलायची, कोरडं पडलेलं तोंड कसं पुसायचं, हे घरच्यांना शिकवता येतं. गाठ फुटून जखमेला वास येतो ना, त्यावर मेट्रोनिडाझोलची गोळी कुटून भुकटी टाकली तर वास मरतो. एवढीशी गोष्ट! त्या वासापायी आपल्याच माणसाच्या खोलीत जाताना पदर नाकाला लागतो, आणि ते त्याला दिसत असतं.

वहिनींनी नकळत पदर खांद्यावर नीट घेतला. "आहे कुठे पण हे?"

"वांद्र्याला माउंट मेरीजवळ शांती अवेदना सदन आहे. टाटाचे शल्यविशारद डॉ. एल. जे. डिसोझा यांनी 1986 साली काढलं, देशातलं पहिलं. कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातले रोगी तिथे ठेवतात आणि पैसे घेत नाहीत. दुसरं पुण्याला वारज्यात, सिप्लाचं, 1997 पासूनचं. आपल्या कोनहून एक्स्प्रेस-वेला लागायचं आणि पुढे बाह्यवळणानं गेलं की वारजे. तिथेही फुकट."

"फुकट, मग चालतं कशावर?"

"लोक देतात त्यावर. बरा झालेला रोगी वर्षभरानं पेढे घेऊन येतो, देणगी देतो. इथून तसं कोण येणार?"

"पण बाई, तुमच्या पेन्शनीतून उरून उरून किती उरणार? त्यानं काय होतंय?"

मग मी त्यांना डेव्हिड टास्माची गोष्ट सांगितली. पोलंडहून आलेला ज्यू निर्वासित, लंडनच्या इस्पितळात कॅन्सरनं 1948 साली गेला. जवळचं असं कुणी नाही. सिसिली साँडर्स नावाची बाई त्याच्याशी येऊन बोलत बसायची. मरणाऱ्यांसाठी वेगळी जागा हवी, हे त्या दोघांच्या बोलण्यातच निघालं. जाताना त्यानं तिच्यासाठी पाचशे पौंड ठेवले, तुझ्या त्या घरातली खिडकी माझी म्हणून. घराचा अजून पत्ता नव्हता. सेंट ख्रिस्तोफर्स उभं राहिलं ते 1967 साली, आणि खिडकी आहे तिथे.

"एकोणीस वर्षं!" वहिनी म्हणाल्या. "आणि तोवर पैसे कुणी खाल्ले नाहीत?"

मला हा प्रश्न फार आवडला. मृत्युपत्रातल्या दानाचं खरं मर्म तिथेच आहे. देणाऱ्याची इच्छा चांगलीच असते, गोची कागदात होते. माझ्या पहिल्या खर्ड्यात "अमुक पावती क्रमांकाची ठेव संस्थेस द्यावी" असं होतं. वकिलांनी त्यावर काट मारली. मध्येच गरज पडून ती ठेव मोडली, की पावतीबरोबर दानही जातं. ठरावीक रक्कम लिहिली, तर पंधरा वर्षांत तिची किंमत चहापाण्याएवढी राहते. म्हणून देणी भागवून जे उरेल त्याचा दहावा हिस्सा, असं लिहिलं. संस्थेचं नाव नोंदणीत आहे तसं, नोंदणी क्रमांकासकट. नुसतं "कॅन्सरवाल्यांना" लिहिलं की मुलं भांडायला मोकळी. आणि हे सगळं पार पाडायला एक्झिक्युटर नेमायचा. मी भाची नेमली. मुलगा आहे, पण त्याला नेमलं असतं तर स्वतःच्याच हिश्शातून काढून द्यायला लावल्यासारखं झालं असतं.

"त्याला सांगितलंत?"

"सांगितलं. फोनवर जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, दहावा म्हणजे साधारण किती?"

वहिनी पोट धरून हसल्या. मग एकदम उदार होऊन म्हणाल्या, "आमच्या वाटणीच्या जमिनीतले दोन गुंठे देऊ का?"

"जमिनीच्या फंदात पडू नका. शेतजमीन बिगरशेतकरी संस्थेला द्यायची तर कूळकायदा आडवा येतो. घर दिलं तर ते विकायला ट्रस्टला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. वडिलोपार्जित असेल तर आपल्या हिश्शापुरतंच बोलता येतं. त्यापेक्षा रोकड बरी."

"कोपऱ्यावरच्या ख्रिस्ती आजी म्हणत होत्या, त्यांना असं दान लिहिताच येत नाही."

"पूर्वी अडचण होती. भाचा-पुतण्या किंवा त्याहून जवळचं कुणी असेल, तर मरणाआधी निदान वर्षभर मृत्युपत्र केलेलं हवं आणि सहा महिन्यांत ते जमाही केलेलं हवं. नाहीतर दान रद्द. 2003 साली सर्वोच्च न्यायालयानं ते कलमच मोडीत काढलं. सांगा त्यांना."

"आणि खर्च?"

"स्टॅम्प लागत नाही, साध्या कागदावर चालतं. नोंदणी सक्तीची नाही, पण मी करणार आहे. दुय्यम निबंधकाकडे शंभर रुपये फी. वयाकडे बघून डॉक्टरांचा दाखला जोडायचा, म्हणजे म्हातारी भ्रमिष्ट होती असं उद्या कुणी म्हणायला नको. आणि दोन साक्षीदार, मला सही करताना बघितलेले."

"मग मी येते की! सही येते मला."

"तुम्ही माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या, वहिनी. साक्षीदार माझ्यामागे कोर्टात उभा राहायला हवा. सुनेला पाठवा, गुरुवारी अकरा वाजता. आधार कार्ड घेऊन यायला सांगा. आणि तिच्या नावानं मी काही ठेवलेलं नाही, हेही सांगून ठेवा."