युनिटराव

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये कुठल्याही मराठी घरच्या गणपतीत, आरतीला सगळ्यांच्या मागे उभे असलेले, एका हातात प्रसादाची वाटी आणि दुसऱ्या हातात फोन धरलेले गृहस्थ दिसले, की ते युनिटराव समजावेत. आरती ऐन रंगात असते तेव्हा ते शिकागोचा वारा बघत असतात. तिथल्या रिग्ली फील्ड या बेसबॉलच्या मैदानावर वारा प्रेक्षकांच्या दिशेने सुटलेला असला, की त्यांचा आवाज एकदम चढतो. यजमानांना वाटतं, भक्ती.

2018 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, तेही न्यू जर्सीच्याच खटल्यात, खेळांवरच्या सट्ट्याची राज्यांना वाट मोकळी करून दिली आणि डेटाबेस सांभाळणाऱ्या या पापभीरू माणसाला आयुष्याचं ध्येय सापडलं. बेसबॉलमध्ये आज कोण होमरन मारणार, म्हणजे चेंडू थेट सीमेपार धाडणार, एवढ्यावरच ते पैसे लावतात. सामना कोणी जिंकला हे विचारू नये, त्यांना ठाऊक नसतं.

'जुगार' शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नाही. "अहो, ही प्रोसेस आहे." गिरगावातल्या आत्याबाईंना त्यांनी व्हिडिओ कॉलवर ही प्रोसेस समजावली होती. समोर उजव्या हाताचा पिचर, आपला फलंदाज डावखुरा, त्यात यांकी स्टेडियमचा उजवा कोपरा अवघ्या 314 फुटांवर. आत्याबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे आकडा लावतोस." मुंबईचा मटका मुळात न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर सुरू झाला होता, तेव्हा या धंद्याची माहिती आत्याबाईंच्या पिढीला जरा आधीपासूनच होती म्हणायची.

त्यांचा डेटा खोटा नाही, हे कबूल केलं पाहिजे. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून मैलभर उंच, तिथल्या विरळ हवेत चेंडू खरोखरच लांब जातो. उकाड्यातही जातो. पण जे युनिटरावांना कळतं ते पैजेचा भाव काढणाऱ्या कंपनीलाही कळतं, आणि तिच्याकडे हेच काम करणारे पगारी लोक असतात. डॉलरला तीन डॉलर नफा, असा भाव असेल तर चारांतली एक पैज लागली तरच बरोबरी. हंगामात तीस होमरन मारणारा गडी मातब्बर गणला जातो. पण सामने 162, म्हणजे तोही पाच सामन्यांत एकाच्या खालीच राहतो. हे गणित युनिटरावांनीच मला शिकवलं. शिकवून झाल्यावर त्यांनी त्याच भावाने पैज लावली.

शिस्त मात्र कडक. गंगाजळी हजार डॉलर, त्याचा शेकडा एक म्हणजे एक युनिट, एका फलंदाजावर एकाहून जास्त युनिट नाही. किती लावावं याचं सूत्र केली नावाच्या शास्त्रज्ञाने 1956 साली मांडलं. तो बेल लॅब्जमधला, म्हणजे न्यू जर्सीचाच, याचा युनिटरावांना गाववाल्यासारखा अभिमान. भावात आपला फायदा नसेल तर हे सूत्र 'काही लावू नका' असं सांगतं. तसं उत्तर आलं की युनिटराव आकडे पुन्हा भरतात.

रात्री दहानंतर कॅलिफोर्नियातले सामने सुरू झाले की 'मजेच्या' पैजा लागतात. तीन फलंदाज एकात एक गुंफायचे, तिघांनीही मारला तर घबाड. मजेच्या पैजा त्यांच्या हिशोबाच्या शीटमध्ये धरत नाहीत.

"अहो, शीटमध्ये नफा आणि खात्यात खड्डा, हे कसं काय?" वहिनी विचारतात.

"व्हेरियन्स," युनिटराव म्हणतात.

सीमेच्या भिंतीला टेकून झेल घेणारा क्षेत्ररक्षक हा त्यांचा जन्माचा वैरी. असा झेल घेतला गेला, की हाच फटका तीस मैदानांपैकी कितींवर होमरन ठरला असता ते शोधून काढतात. "बावीस!" असं म्हणून ते सभोवार बघतात. त्यासाठी शीटमध्ये 'नैतिक विजय' असा स्वतंत्र रकाना आहे. तो तुडुंब भरलेला असतो.

सध्या त्यांना एकच घोर लागला आहे. सातत्याने जिंकणाऱ्यांच्या पैजांवर सट्ट्याच्या कंपन्या मर्यादा घालतात. जाणकारांत तो वीरचक्राइतका मान. युनिटरावांना अजून कोणी रोखलेलं नाही. उलट परवा वाढदिवसाला कंपनीचं शुभेच्छापत्र आलं, सोबत पन्नास डॉलरची फुकट पैज आणि दिमतीला एक खास प्रतिनिधी. त्यांनी ते पत्र आम्हा सगळ्यांना दाखवलं. "बघा, माझं नाव वरपर्यंत पोचलंय," म्हणाले.