बाण भिंतीत गेला

"काल रात्री एक वाजेपर्यंत तुझ्या खोलीत निळा उजेड होता. भांडलात काय गं?"

सावेडीतल्या आमच्या दोन घरांमध्ये कमरेइतकी भिंत आहे. भिंतीपलीकडे माईंची बाज, बाजेवर जुनं पातळ, पातळावर कुरडया. कुरडया राखायला माई बसतात आणि बसल्या बसल्या गल्लीही राखतात.

"भांडायला वेळ कुठाय माई! स्मरणिकेचं काम होतं. डाव्या स्क्रीनवर लोकांनी हातानं लिहिलेले लेख, उजव्या स्क्रीनवर मी टाईप केलेलं. एकीकडे वाचायचं, दुसरीकडे सुधारायचं."

"म्हणजे एका बाईला दोन टीव्ही."

"तसंच समजा."

माईंनी एक कुरडई उलटी केली. मग आवाज खाली आला, म्हणजे आता खरी बातमी येणार. "त्या कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या पोरानं पण आणलंय म्हणे काहीतरी. काड की कार्ड. त्याची आई म्हणत होती, फ्रिजला बसला नव्हता एवढा हप्ता बसलाय. तीन पंखे आहेत म्हणे त्याला. आणि डब्यात मावंना! झाकण काढून ठेवलंय. परवा आत पाल शिरली."

"अगं बाई! मग?"

"मग काय, पोरगं खुर्चीवर आणि आई झाडू घेऊन. आणि लाईट गेली की त्यांचा इन्व्हर्टर असा कोकलतो, मला वाटलं मांजर अडकलं."

कोकलणारच. असली मोठी ग्राफिक कार्डं कामाला लागली की दीडशे-दोनशे वॅट सहज ओढतात, त्याहून मोठी तीनशेच्याही वर जातात. घरातला इन्व्हर्टर चार दिवे नि दोन पंख्यांच्या हिशेबानं घेतलेला. खेळणाऱ्यानं घ्यावं, माझी काही ना नाही. मी दिवसभर शब्दांना काना-मात्रा लावते. त्याला तीन पंखे कशाला लागतात?

पण माईंना उगाच चौकशी नव्हती. त्यांच्या सूनबाईंनी पुण्याच्या एका सीएचं काम घरून धरलंय. एकीकडे बँकेचं स्टेटमेंट, दुसरीकडे हिशेबाचा तक्ता, आणि मध्ये मान वाकडी. कॉम्प्युटर कुठल्याशा ऑफिसातून निघालेला, इंटेलच्या चौथ्या पिढीतला. विंडोज १० ची साथ १४ ऑक्टोबर २०२५ ला सुटली. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते. तेव्हा भाच्यानं त्यावर लिनक्स मिंट चढवून दिलं. ते छान चाललंय. आता दुसरा मॉनिटर हवा, आणि पुण्याहून मुलानं फोनवर फर्मान सोडलं की आधी ग्राफिक कार्ड घ्या. नाव चिठ्ठीवर लिहून माईंनी कमरेला खोचलं होतं. काढून दाखवलं. जीटी ७३०.

"हे नको माई."

"का गं? स्वस्त आहे म्हणे."

"स्वस्त आहे, पण या एकाच नावाखाली दोन वेगवेगळ्या पिढ्यांच्या चिपा विकल्यात. फर्मी म्हणून एक, केप्लर म्हणून दुसरी. एनव्हिडियाचा ड्रायव्हर फर्मीसाठी ३९० च्या मालिकेला थांबला, केप्लरसाठी ४७० ला. खोक्यावर नाव एकच. आत काय निघेल ते बारीक अक्षरं वाचल्याशिवाय कळत नाही."

माई क्षणभर विचारात पडल्या. "म्हणजे आपल्या चांदबीबीच्या महालासारखं. नाव चांदबीबीचं, आत सलाबतखान."

मी आठवडाभर हे घरच्यांना समजावत होते आणि कुणाच्या डोक्यात शिरत नव्हतं. माईंनी डोंगरावरच्या कबरीत नेऊन एका वाक्यात ठेवलं.

"पण ड्रायव्हर म्हणजे काय गं? गाडी का चालवायचीय?"

"कार्ड म्हणजे स्वयंपाकी धरा. लिनक्स म्हणजे घर. घरातल्या मालकिणीला आणि स्वयंपाक्याला एकमेकांची भाषा कळायला मध्ये कुणीतरी लागतं, तो ड्रायव्हर. एएमडीच्या कार्डांचा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच असतो, घरातलंच माणूस. इंटेलचंही तसंच. एनव्हिडियाचा बाहेरून बोलवावा लागतो. येतो, काम चोख करतो. पण घरात फडताळं हलवली, म्हणजे गाभा बदलला, की त्याची मांडामांड परत करावी लागते. बहुतेक वेळा आपोआप होते. ज्या दिवशी होत नाही त्या दिवशी सकाळी स्क्रीन काळी."

"मग त्या मालकिणीनं त्याला कधी सुनावलं नाही?"

आता माझा आवाज खाली गेला. "सुनावलं ना! लिनक्स ज्यानं सुरू केलं, १९९१ साली, एकविसाव्या वर्षी, तो लिनस टोरवाल्ड्स. २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात भर सभेत त्यानं कॅमेऱ्याकडं बघून त्या कंपनीला मधलं बोट दाखवलं. वर शिवीही दिली."

"आईनं काही वळण लावलं नाही वाटतं." पण माईंचे डोळे चमकले होते. "मग पुढं? दिलजमाई झाली का नाही?"

"थोडी. २०२२ मध्ये कंपनीनं ड्रायव्हरचा गाभ्यातला भाग खुला केला. पण ट्युरिंग पिढीपासून पुढच्या कार्डांसाठीच."

"नव्या सुनांना मोकळीक, जुन्या होत्या तिथंच."

अगदी तसंच. त्याआधीच्या पास्कल पिढीची कार्डं, जीटी १०३० किंवा जीटीएक्स १०५० टीआय वगैरे, जुन्या बाजारात अजून मुबलक मिळतात. त्यांची गाडी ड्रायव्हरच्या ५८० मालिकेशी थांबणार हे कंपनीनंच सांगितलंय. आज घेतलं तर आज चालेल. दहा वर्षं धकवायचं म्हणून घेणार असाल तर विचार करा.

"तू मग कुठलं घेतलंस?"

मला घ्यावंच लागलं होतं. माझा कॉम्प्युटर जोडून घेताना पैसे वाचवायला प्रोसेसर घेतला तो नावाच्या शेवटी एफ असलेला. इंटेलच्या त्या एफचा अर्थ, आत चित्र काढायचं खातंच नाही. कार्डाशिवाय स्क्रीन लागणारच नाही. जे वाचवलं ते कार्डात गेलं. मी आरएक्स ६४०० घेतलं, एएमडीचं. जास्तीत जास्त ५३ वॅट खातं, एसएमपीएसमधून वेगळी वायर लागत नाही, बुटक्या डब्यात बसेल असंही मिळतं. मागं दोन जागा: एक एचडीएमआय, एक डिस्प्लेपोर्ट. दोन स्क्रीन, विषय संपला. गेम खेळणारे या कार्डाला नाकं मुरडतात, आणि त्यांचं खरंय. ते मदरबोर्डशी चारच लेनवर बोलतं, त्यामुळे जुन्या बोर्डावर खेळात मार खातं. व्हिडिओ एन्कोड करणारा भागही त्यात नाही, म्हणजे ऑनलाइन तास रेकॉर्ड करणाऱ्यानं ते घेऊ नये, सगळा भार प्रोसेसरवर पडेल. माझ्या काना-मात्र्यांना यातलं काही आड येत नाही. कार्ड खोचलं, बटण दाबलं, मिंटनं काही विचारलंसुद्धा नाही.

पार्सलवर 'अहिल्यानगर' छापलेलं आणि डिलिव्हरीवाला फोनवर, "मॅडम, नगरमध्येच ना?" २०२४ मध्ये नाव बदललं, पण घर अजून नगरमध्येच शोधतात.

"एवढं सोपं होतं तर चार दिवस तोंड का पाडून होतीस?" माईंच्या नजरेतून काही सुटत नाही.

तो माझा गाढवपणा. माझा दुसरा मॉनिटर जुना, निळ्या पिनेचा, व्हीजीएवाला. कार्डाला एचडीएमआय. मध्ये लावायला कन्व्हर्टर आणला, वीतभर लांबीचा. दुकानातून आणला तो व्हीजीएकडून एचडीएमआयकडं जाणारा. मला हवा होता एचडीएमआयकडून व्हीजीएकडं. दिसायला दोन्ही जुळ्या बहिणी, पण वाट एकेरी. मी तीन दिवस ड्रायव्हरला शिव्या दिल्या, मिंट दोनदा पुसून परत टाकलं, एएमडी आणि एनव्हिडिया दोघांचाही उद्धार केला. चौथ्या दिवशी चष्मा लावून त्या कन्व्हर्टरवरची अक्षरं वाचली. 'इन' आणि 'आउट'.

"चिठ्ठी राहू दे माई, आधी डब्याची पाठ बघू." मी टॉर्च घेऊन भिंतीवरून पाय टाकला. या वयात फाटकानं जावं हे मान्य, पण फाटकापर्यंत कोण जातंय.

सूनबाईंनी टेबल पुढं ओढलं. सीपीयूच्या मागं जाळ्या, धूळ, एक वाळलेला मुंगळा. फुंकर मारली तशी निळी पंधरा भोकांची पिन दिसली, तिला चालू मॉनिटर जोडलेला. तिच्या शेजारी दोन चपट्या खाचा. यूएसबीपेक्षा लांब, आणि दोन्हींचा एकेक कोपरा तिरका छाटलेला, बर्फीचा कोपरा कुणीतरी आधीच मोडून खाल्लाय असा.

"यात पेनड्राइव्ह जात नाही म्हणून आम्ही ते बंद पडलंय असं धरून चाललो होतो," सूनबाई म्हणाल्या.

"हे डिस्प्लेपोर्ट. दोन आहेत. आणि हे बघा, चिन्हाशेजारी दोन अधिकची खूण. म्हणजे साध्या केबलनं इथून एचडीएमआय निघतं."

"आणि कार्ड?" माईंनी दारातून विचारलं.

"कार्ड लागतच नाही. या प्रोसेसरच्या आतच चित्राचं खातं आहे. या पिढीतलं ते तीन स्क्रीनसुद्धा चालवतं. ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात, वर्षानुवर्षं मुरलेला."

माईंनी कमरेची चिठ्ठी काढून फाडली, तुकडे तुळशीत टाकणार होत्या, मी थांबवलं. "केबल मागवताना मात्र डिस्प्लेपोर्टकडून एचडीएमआय अशीच मागवा. उलटी नको. वाट एकेरी असते, माझं ऐकलंत ना मघाशी."

परत भिंतीशी आलो. मला राहवेना. "माई, एक सांगते, पण कुणाला बोलू नका."

"मी कशाला बोलू!" माईंनी बाज पुढं ओढली.

"कोपऱ्यावरचा तो पोरगा. परवा मला बोलावलं होतं, गेम अडकतोय म्हणून. मी मागं वाकून बघितलं तर मॉनिटरची केबल मदरबोर्डलाच! कार्डाच्या जागा सगळ्या रिकाम्या, रबरी टोप्यासुद्धा काढलेल्या नाहीत. महिनाभर त्याचं सगळं प्रोसेसरच्या आतल्या साध्या खात्यावर चाललंय. तीन पंख्यांचं कार्ड नुसतं वारा खात बसलंय."

माई हसता हसता बाजेवर कलंडल्या. कुरडयांचा एक कोपरा मोडला. "आणि हप्ता?"

"तो चालू आहे."

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट पाइपलाइन रोडच्या भाजीवाल्याकडून माझ्याकडं परत आली. त्यात पाल मेली होती.

केबल पाचव्या दिवशी आली, दुसरा मॉनिटर सूनबाईंच्या माहेरून. मी स्वयंपाकात होते. पलीकडं टेबल सरकल्याचा आवाज झाला, मग शांतता, मग सूनबाईंचं "लागलं, लागलं!" मी कुकरची शिट्टी मोजत होते तेवढ्यात माईंची हाक आली.

"अगं ए, इकडं ये! दोन्हीवर चित्र आलंय, पण बाण उजवीकडं नेला की भिंतीत जातोय. डावीकडून बाहेर येतोय!"

"स्क्रीनची जागा उलटी धरलीय त्यानं. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जा, दोन चौकोन दिसतील, त्यांची अदलाबदल करा!"

"कशानं?"

"माऊसनंच! चौकोन धरा आणि पलीकडं ओढा!"

"अगं पण बाण सापडला तर धरू ना!"

कुकर बंद केला आणि टॉर्च न घेताच भिंतीवर पाय टाकला.