स्टेरिंगवरचं सीताफळ

केजच्या चौकात संध्याकाळी पाचच्या सुमारास एक काळी-पिवळी जीप उभी असते आणि तिच्या बॉनेटला टेकून एक माणूस तंबाखू मळत असतो. त्याला नाव आहे, पण ते आधार कार्डावर. रस्त्यावर सगळे त्याला उस्ताद म्हणतात. बीड जिल्ह्यात असा उस्ताद दर फाट्याला एक सापडेल. माझ्या वाट्याला आलाय तो केज-बीड रस्त्याचा.

"बसा सर, निघालोच" हे पाच वाजता ऐकलं की गाडी पावणेसहाला निघते. तोवर चौदा माणसं भरायची असतात. परवान्यावर किती लिहिलीत ते विचारू नये, तो आकडा उस्ताद फक्त मागच्या बाजूला लागू करतो. मी पडलो शाळामास्तर, म्हणून मला मानाची जागा: पुढं, गिअरच्या दांड्यावर. दुसरा गिअर माझ्या गुडघ्याखाली असतो आणि चौथा शेजारच्या आजीच्या पिशवीत. उस्ताद नुसतं "सर, पाय" म्हणतो, मी पाय उचलतो. आता तर इंजिनाचा आवाज बदलला की पाय आपोआप वर जातो. घरी मिक्सर लावला तरी जातो.

पुण्याच्या वाचकाला पटणार नाही, पण उस्तादाच्या उजव्या हातालाही एक पॅसेंजर असतो. दार आणि ड्रायव्हर यांच्यामध्ये, अर्ध्या मांडीवर. त्यामुळं उस्ताद गाडीत सरळ बसलेला मी कधी पाहिलेला नाही. तो आमच्याकडं तोंड करून तिरका बसतो, कीर्तनात टाळकरी बसतो तसा, आणि रस्त्याकडं मधूनमधून बघतो.

एसटीत ड्रायव्हरच्या डोक्यावर पाटी असते: चालकाशी बोलू नये. इथं परळीचा वैजनाथ, अंबाजोगाईची योगेश्वरी, भगवानबाबांचा फोटो आणि फोनपेचा ठिपक्यांचा चौकोन आहे, पण ती पाटी नाही. असून उपयोगही नाही, कारण बोलतो तो उस्तादच. शिवाय माणसाशी बोलायचं तर त्याच्या तोंडाकडं बघून, हा आईबापाचा संस्कार. माणूस मागच्या सीटवर असला तरी.

आणि फोन. दसरा झाला की जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या टोळ्या निघायला लागतात आणि उस्ताद हा ड्रायव्हर असून अर्धा मुकादमही आहे. "दोन कोयते कमी पडायलेत ना भाऊ! उचल देऊन बसलोय म्या!" कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे इथल्या पोरालाही सांगावं लागत नाही. असे हजारोंचे व्यवहार फोन खांद्यात दाबून होतात. एक हात स्टेरिंगवर, दुसऱ्या हातात सुटे पैसे. "नेकनूरवाल्या मावशी, वीस राहिले तुमचे." मागं वळून नोट देतो, बरोबर मोजून. साठच्या वेगात गाडी सेकंदाला सोळा-सतरा मीटर पुढं जाते. म्हणजे मावशीचे वीस रुपये देईपर्यंत तीन एसट्या एकामागं एक उभ्या राहतील एवढा रस्ता उस्तादानं न बघता पार केलेला असतो. मावशी नोट उजेडात धरून बघतात, फाटकी तर नाही ना. रस्त्याची काळजी त्यांनाही नसते.

पण उस्तादाची खरी कला बघायची तर सीताफळाच्या दिवसात. बालाघाटच्या डोंगरातलं सीताफळ. बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते काही उगाच नाही. रस्त्याच्या कडेला बायका पाट्या मांडून बसतात. उस्ताद गाडी थांबवतो, पाच-सहा फळं डॅशबोर्डवर ठेवतो आणि गाडी तिसऱ्यात पडली की पहिलं उचलतो. सीताफळ खायला दोन हात लागतात, ही आपली समजूत. उस्ताद फळ स्टेरिंगच्या मधल्या बोंडावर ठेवून अंगठ्यानं दाबतो, ते दुभंगतं, हॉर्नही वाजतो. समोरचा बैलगाडीवाला बाजूला होतो. मग अर्धी वाटी तोंडाला. गर आत राहतो, बिया गालफडात गोळा होतात आणि आठ-दहा झाल्या की खिडकीतून सुटतात. आता खिडकी आणि उस्ताद यांच्यामध्ये तो अर्ध्या मांडीवरचा पॅसेंजर आहे, हे ध्यानात घ्या. मुरलेला पॅसेंजर उस्तादाचे गाल फुगले की मान मागं घेतो. नवखा असेल तर बीड येईपर्यंत मुरतो.

एकदा धीर करून म्हटलं, "उस्ताद, निदान खाताना तरी थांबवत जा."

त्यानं माझ्याकडं (रस्ता सोडून) कीव करून बघितलं. "सर, मपला हात बसलाय ष्टेरिंगवर. पंचवीस वर्षं झाली, कुणाला ठोकर नाही. गाडी म्या चालवत नसतो, ती चालती. हे आमचं एकीकडं."

हे 'एकीकडं' मला झोपू देईना. शेवटी वाचून काढलं. अमेरिकेत यूटा विद्यापीठातल्या वॉटसन आणि स्ट्रेयर या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2010 साली अभ्यास प्रसिद्ध केला. दोनशे जणांना खोट्या गाडीत बसवून चालवायला लावलं आणि त्याच वेळी फोनवर गणितं घातली, शब्द लक्षात ठेवायला सांगितले. फोन कानाला धरायचाही नव्हता, हात मोकळे. तरी बहुतेकांचा ब्रेक वीस टक्के उशिरा लागला. हात मोकळे असून उपयोग नाही, डोकं अडकलेलं होतं. पण दोनशेतल्या अडीच टक्के लोकांना, म्हणजे पाच जणांना, काहीच फरक पडला नाही.

ही माहिती मी उस्तादाला द्यायला नको होती. "बघा! त्या पाचातला एक म्या!" असं म्हणून त्यानं टाळीसाठी हात पुढं केला. स्टेरिंगवरचा.

मी हिशोब करून बघितला. चौदा माणसांच्या जीपमध्ये अडीच टक्के म्हणजे साधारण एक तृतीयांश माणूस. कमरेखालचा एखादा पाय धरा. तो पाय कुणाचा, हे मला बसल्या जागेवरून दिसतं. आजी चपलेनं पत्रा दाबतात, मी माझा दाबतो, मागं दोघं-तिघं दाबतात. शेळी आडवी आली की उस्तादाच्या आधी तेरा ब्रेक लागतात. "ओ ओ ओ, ट्रॅक्टर!" हे कुणीतरी ओरडतं, तेव्हा उस्ताद फोनवरच्या माणसाला "एक मिनिट हां" म्हणतो. समोरून येणारा एसटीवाला त्याला ओळखतो, तो अर्धी गाडी खाली मातीत घालतो. शेळ्यासुद्धा ओळखतात. पंचवीस वर्षांची ठोकर जी नाही, ती अशी आम्हा सगळ्यांच्या वर्गणीतून नाही. उस्ताद एकटा गाडी चालवतो तो फक्त रात्री रिकामी घरी नेताना, आणि ती कशी चालवतो हे सांगायला कुणी बरोबर नसतं.

कायद्याचं म्हणाल तर 1 ऑक्टोबर 2020 पासून हातातला फोन फक्त रस्ता शोधण्यापुरता चालतो. उस्तादाला हा रस्ता सापडून पंचवीस वर्षं झाली. नाक्यावर खाकी दिसली की फोन मांडीखाली जातो, फक्त मांडी कुणाची हे नक्की नसतं.

गेल्या परतीच्या पावसात मात्र एक प्रकार झाला. मांजरसुंब्याला पोचलो तेव्हा अंधारलं होतं, पाऊस लागला होता, आणि पुढं घाट उतरायचा होता. पुढं लोखंडी सळया लादलेला ट्रक, त्याचे मागचे दिवे बंद. काचेवरचा एकच वायपर चालू, तोही कंटाळलेला. उस्तादानं गाणं बंद केलं. तंबाखू थुंकली. अर्ध्या मांडीवरच्या माणसाला म्हणाला, "भाऊ, मागं जा थोडं, दबून बसा." तो मागं दबला. डॅशबोर्डवरची सीताफळं आजींच्या ओच्यात गेली. आणि फोन वाजला, मुकादमाचाच, तर त्यानं तो न बघता माझ्या हातात दिला.

"धरा सर. त्याला म्हणावं घाटात हाय."

मग तो सरळ बसला. दोन्ही हात स्टेरिंगवर, डोळे काचेला लागलेले. मागून एक पोरगं काहीतरी विचारायला गेलं, तर उस्ताद ओरडला, "गप रे! गाडी चालवायलोय दिसत नाही का?"

जीपमध्ये कुणी बोललं नाही. माझ्या हातात फोन थरथरत होता. पत्रा दाबायचं मी विसरलो, आजीही विसरल्या. घाट इतका सुरेख उतरला की पंचवीस वर्षांचा हात म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं.

पाली आली, रस्ता सपाट झाला. उस्तादानं तिरकं बसून हात पुढं केला, "द्या सर, लावतो त्याला."

तेव्हापासून नेम झालाय. मांजरसुंब्याला तो फोन माझ्याकडं देतो आणि पालीला परत मागतो. मी तो बीडच्या स्टँडवर उतरल्यावर देतो. रोज शिव्या खातो, पण देत नाही.

सीताफळाचं अजून जमलेलं नाही.