काम काढलेल्या घराचा विमा

घराचं मोठं काम काढलं की घर सोडावं लागतं. फरशी उखडलेली, बाथरूमचं वॉटरप्रूफिंग चालू, पाणी बंद, अशा ठिकाणी म्हाताऱ्या आईला घेऊन राहता येत नाही. म्हणून कोथरूडमधला आमचा फ्लॅट गवंडी, प्लंबर आणि सुतारांच्या हवाली करून आम्ही जवळच भाड्याने राहायला गेलो. घराच्या विम्याचा हप्ता मी आजवर कधी चुकवलेला नाही. आणि घराला सगळ्यात जास्त धोका असतो नेमक्या त्याच महिन्यांत हा विमा लंगडा पडतो, ही माझी तक्रार आहे.

आगीच्या विम्याच्या प्रमाणित पॉलिसीत एक अट वर्षानुवर्षं छापलेली आहे. इमारत 30 दिवसांहून जास्त काळ वापराविना राहिली, तर विमा थांबतो. चालू ठेवायचा असेल तर नुकसान होण्याआधी कंपनीची संमती पॉलिसीवर नोंदवून, म्हणजे एंडॉर्समेंट करून, घ्यायची. घरफोडीच्या पॉलिसीत ही मुदत पुष्कळदा अवघ्या सात दिवसांची असते. सात दिवसांत जुन्या फरशीचा राडारोडासुद्धा खाली उतरत नाही.

अटीमागचं कारण मला पटतं. बंद घरात पाइप फुटला तर पाहायला कोणी नसतं. पण काम चालू असलेलं घर बंद नसतं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथे माणसं असतात, मी रोज फेरी मारतो, खाली वॉचमन आहे. अशा घराला रिकामं धरायचं की नाही, याबद्दल माझ्या पॉलिसीत एक ओळ नाही.

म्हणून हेल्पलाइनला फोन केला. "सर, क्लेम करायचाय का?" नाही, फक्त कळवायचंय. "मग काही नुकसान झालं की फोन करा." अट म्हणते आधी कळवा आणि माणूस म्हणतो नंतर कळवा. एजंटला विचारलं तर तो म्हणाला, "काका, कशाला सांगताय? उगाच प्रश्न विचारत बसतील." मला राग येतो तो याच सल्ल्याचा. न सांगितल्यामुळे उद्या क्लेम नाकारला, तर एजंट तिथे उभा राहणार नाही. कंपनीच्या वेबसाइटवर मोबाइल नंबर बदलायची सोय आहे, पत्ता बदलायची आहे. घरात काम काढलंय हे सांगायला एक रकाना नाही. एवढी साधी गोष्ट करायला काय हरकत आहे?

विमा नियामकाने 1 एप्रिल 2021 पासून 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी आणली. ती चांगली आहे, हे मी मनापासून म्हणतो. घरातल्या सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपयांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं. पण तिच्यात चोरी भरून मिळते ती आग, पूर अशा एखाद्या घटनेमुळे, तीही सात दिवसांच्या आत झाली तरच. हॉलमध्ये ठेवलेली वायरची बंडलं आणि नवे नळ रात्रीतून गेले, तर ते त्यात बसत नाही. वेगळा घरफोडीचा विमा घ्यावा, तर दार-खिडकी फोडल्याची खूण लागते, आणि घरात रीतसर येणाऱ्या माणसाचा चोरीत हात असला तर क्लेम मिळत नाही. काम चालू असताना चावी सुताराकडे असते, दार दिवसभर उघडं असतं. आमच्याकडची माणसं सचोटीची आहेत आणि त्यांच्यावर माझा संशय नाही. पण विमा विश्वासासाठी घेत नाहीत, तो नुकसानासाठी घेतात.

तोडफोडीचंही तसंच. जमीन खचून होणाऱ्या नुकसानीच्या कलमात पाडकाम आणि बांधकामातले फेरबदल वगळलेले असतात. मोठ्या बांधकामांना 'कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क' नावाची पॉलिसी मिळते; त्यात शेजाऱ्याच्या नुकसानीचीही सोय करता येते. दोन खोल्यांच्या कामाला ती घेणारा कंत्राटदार मला भेटला नाही. खालच्या मजल्यावर गळती लागली तर सोसायटी आपलं डिपॉझिट अडवून ठेवते, बाकी भांडण आपलं आपण निस्तरायचं. शिडीवरून पडणाऱ्या रंगाऱ्याचा प्रश्न तर कोणी विचारातच घेत नाही, आणि मला तो सगळ्यात जास्त बोचतो.

शेवटी मी शाखेत जाऊन लेखी पत्र दिलं आणि पोच घेतली. एंडॉर्समेंट अजून आलेलं नाही. काम निम्म्यावर आलं आहे.

नियामकाने प्रत्येक घरविम्यात कामाच्या काळापुरती जोडता येईल अशी पुरवणी सक्तीची करावी. जादा हप्ता लागला तर लोक भरतील, मी भरीन. तोवर वाचकांना माझं सांगणं असं: काम सुरू व्हायच्या आधी कंपनीला लेखी कळवा. कामाच्या तारखा, कामाचं स्वरूप, देखरेख कोण करणार, सगळं लिहा आणि एंडॉर्समेंट मागा. प्रत्येक खोलीचे फोटो काढून ठेवा. उत्तर मिळालं नाही तर कंपनीकडे लेखी तक्रार करा, आणि 30 दिवसांत दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे जा. त्यांचं कार्यालय पुण्यातही आहे, आणि तिथे फी लागत नाही. चावी कंत्राटदाराच्या हातात देण्याआधी हे पत्र गेलेलं असू द्या.